सलाला की मुंबई? एका हिशेबनिसाचा पावसाळी ताळेबंद

(मस्कत येथे सप्टेंबर २०२५ मध्ये मंडळाच्या मासिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी वक्ता नाही. व्यवसायाने हिशेबनीस आहे. मागच्या महिन्यात चहाच्या वेळी मी कार्यकारिणीतल्या एका वहिनींना सहज म्हणालो, "सुट्टीत सलालाला जायचं की मुंबईला, याचा मी तीन वर्षं हिशेब ठेवलाय." त्यावर त्या म्हणाल्या, "मग पुढच्या कार्यक्रमात तुम्हीच बोला." त्यामुळे आज जे काही कानावर पडेल त्याची जबाबदारी निम्मी त्यांची!

प्रश्न तुमच्या-आमच्या घरातला आहे. मे महिना उजाडला की मस्कतचा पारा चाळिशी ओलांडतो. संध्याकाळी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा तर आधी रुमाल शोधावा लागतो. मुलांच्या शाळेला जूनच्या सुरुवातीपासून सुट्टी लागते. मग जेवणाच्या टेबलावर रोज एकच चर्चा. पाऊस बघायला कुठे जायचं? खरीफसाठी सलालाला, की आपल्या मुंबईला?

आमच्याकडे "मुंबई" म्हणजे डोंबिवली. इथल्या मित्रांना डोंबिवली सांगत बसण्यापेक्षा मुंबई म्हटलेलं सोपं पडतं, एवढंच. तिथे माझी आई असते, एकटी. वय ७८. माहेर गुहागरकडचं, त्यामुळे पाऊस, नारळ आणि आपलं मत या तीन गोष्टींवर तिचा जन्मसिद्ध हक्क आहे.

एकच वारा, दोन घरं

आधी हवेचं बोलू, मग पैशाचं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की सलालाचा पाऊस आणि मुंबईचा पाऊस या वेगळ्या गोष्टी आहेत. मुळात वारा तोच आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून वाहणारा नैऋत्य मोसमी वारा. पण दोन्हीकडे तो वागतो अगदी वेगळा.

मुंबईकडे जाताना हा वारा कोमट समुद्रावरून हजारो मैल येतो, भरपूर बाष्प घेऊन येतो आणि पुढे सह्याद्रीला धडकून वर चढतो. ढग उंच वाढतात आणि कोसळतात. सलालाकडे तो किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो. त्यामुळे किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर लोटलं जातं आणि त्याच्या जागी खालून थंडगार पाणी वर येतं. त्या थंड पाण्यावरची दमट हवा गार होते, तिचं धुकं होतं, खालच्या पातळीवरचे ढग होतात. पण वर वाळवंटाकडून आलेल्या गरम, कोरड्या हवेचं झाकण बसलेलं असतं. ढगांना उंच वाढताच येत नाही. मग ते धोफारच्या डोंगरांना जाऊन बिलगतात आणि दोन-तीन महिने नुसते झिरपत राहतात. तिथली झाडं धुक्यातलं पाणी पानांवर धरतात आणि ते ठिबकत मुळांशी जातं. डोंगर ओलांडून पलीकडे गेलात की पुन्हा रखरखीत वाळवंट.

आता आकडे. सलालामध्ये अख्ख्या वर्षाचा पाऊस सरासरी शंभर-सव्वाशे मिलिमीटर. मुंबईत सांताक्रूझला एकट्या जुलैत त्याच्या सात-आठ पट पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो तर कोणीच विसरणार नाही. म्हणजे सलालाचा आठ-नऊ वर्षांचा कोटा मुंबईने एका दिवसात संपवला! अर्थात सलालालाही कधी तरी झटका बसतो. मे २०१८ मधल्या मेकुनू चक्रीवादळात तिथे दोन वर्षांहून अधिक पाऊस एका दिवसात पडला. पण ते वादळ. खरीफ नव्हे.

त्यामुळे सलालाला "पाऊस" बघायला जाणाऱ्यांची थोडी फसगत होते. तिथे धुकं असतं, भुरभुर असते, हिरवळ असते. धो धो नसतो. तापमान मात्र जुलै-ऑगस्टमध्ये पंचवीस-सव्वीसच्या आसपास. आपण इथे पंचेचाळीसच्या वार्ता करतो तेव्हा तिथे माणसं शाल घेऊन बसलेली असतात. मुंबईत जुलैत तीस अंश म्हणजे ऐकायला बरं, पण घाम पुसायला पंचा लागतो.

आणखी एक. खरीफचा हंगाम २१ जूनला सुरू होतो असं कॅलेंडर सांगतं. डोंगर मात्र कॅलेंडर वाचत नाहीत. उलट मे-जून हे सलालाचे सगळ्यात उकाड्याचे महिने. जूनअखेरीस गेलात तर धुकं मिळेल पण डोंगर तपकिरीच दिसतील. खरी हिरवळ जुलैच्या मध्यानंतर. ऑगस्ट सर्वांत उत्तम. सप्टेंबरच्या शेवटी धुकं हटतं, ऊन पडतं आणि डोंगर अजून हिरवे असतात, ती खरं तर सर्वांत सुंदर वेळ. पण तेव्हा आपल्या मुलांच्या परीक्षा असतात. मुंबईचा पाऊस साधारण ११ जूनला येतो असं हवामान खातं धरतं. २०२५ मध्ये तर तो २६ मेलाच हजर झाला. म्हणजे शाळेच्या सुट्टीशी मुंबईचा पाऊस जास्त जुळतो, सलालाची हिरवळ फक्त शेवटच्या दहा-बारा दिवसांत.

वर्ष पहिलं: सलाला, २०२३

त्या वर्षी मला ऑफिसातून एकच आठवडा रजा मिळाली. मुंबईच्या तिकिटांचे भाव बघून आमची ही म्हणाली, "एवढ्या पैशात आपण सलाला दोनदा करू." मी आईला फोन केला. ती म्हणाली, "बरं होईल. इकडे पावसात काय ठेवलंय? चिखल नि काय. मुलांना फिरवून आणा." मी "सुटलो" म्हणालो. मनातल्या मनात.

मस्कत ते सलाला हजार किलोमीटरच्या वर. निझवा, आदम, हैमा, थुमरैत. हैमाला साधारण अर्ध्यावर मुक्काम केला. ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना माहीत आहे, दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत काही म्हणजे काही नाही. तिथे दोनच गोष्टी सांगतो. एक, झोप आली की गाडी थांबवा, पुढचा पंप येईपर्यंत रेटू नका. दोन, अंधार पडल्यावर चालवू नका. उंट दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

थुमरैतला बेचाळीस अंश होते. तिथून सलाला ऐंशी किलोमीटर. पुढे घाट लागतो आणि उतरता उतरता एका वळणावर समोर पांढरी भिंत येते. गाडीतल्या काट्यावर बेचाळीस, छत्तीस, तीस, सव्वीस. अर्ध्या तासात. काचेवर थेंब आले. माझा धाकटा मस्कतमध्येच जन्मलेला. त्याच्या लेखी पाऊस म्हणजे वादीला पूर आणि शाळेला सुट्टी. तो घाबरून म्हणाला, "बाबा, वादी येईल का?" मी म्हटलं, "नाही रे, हा नुसता पाऊस आहे." मग त्याने काच खाली करून हात बाहेर काढला. तो हात त्याने सलाला येईपर्यंत आत घेतला नाही.

पाच दिवस भटकलो. वादी दरबातचे धबधबे, ऐन रझातचं पाणी, इत्तीनचं धुकं, नबी अयूबची डोंगरावरची कबर, अल बलीदचे जुन्या बंदराचे अवशेष. हे अवशेष युनेस्कोने २००० मध्ये जागतिक वारशात घेतले. हफ्फाच्या बाजारात ऊद-लोबान घेतला. रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपया लटकवलेल्या टपऱ्या बघून आमची ही म्हणाली, "हे तर अलिबाग!"

मुघसैलबद्दल मात्र गंभीरपणे बोलतो. खडकातल्या भोकांतून समुद्राचं पाणी कारंज्यासारखं उडतं, ते बघायला सगळे जातात. खरीफमध्ये तिथला समुद्र अत्यंत खवळलेला असतो. जुलै २०२२ मध्ये तिथे लाटेने भारतीय पर्यटकांना ओढून नेलं, त्यात आपल्या महाराष्ट्रातले लोकही होते, लहान मुलं होती. कठडा आहे तो कठडा म्हणूनच वापरा. फोटोसाठी त्याच्या पलीकडे एक पाऊलही टाकू नका आणि मुलाचा हात सोडू नका. या भाषणातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आता खर्च. चौघांचा, सात दिवसांचा, रियालमध्ये:

पेट्रोल, सगळं फिरणं धरून सुमारे २,४०० किलोमीटर: ४८
सलालाला दोन खोल्यांचा फ्लॅट, पाच रात्री: १९०
हैमाचे जाता-येता दोन मुक्काम: ३६
खाणंपिणं: ७७
किरकोळ: २५
एकूण: ३७६

पेट्रोलचं सरकारचं देणं आहे. नोव्हेंबर २०२१ पासून भावाला मर्यादा घातलेली आहे, ९५ चं पेट्रोल २३९ बैसाच्या वर गेलेलं नाही. त्यामुळे गाडीने जाणाऱ्याचा खरा खर्च रस्त्याचा नसतो, राहण्याचा असतो. जो फ्लॅट आम्ही ३८ रियालला घेतला, तो त्याच मालकाने खरीफ नसताना १६ ला दिला असता. त्यानेच हसत हसत सांगितलं.

घरी परतल्यावर मी वहीत लिहिलं, "मुंबईच्या मानाने अंदाजे तीनशे-चारशे रियाल बचत." खाली दोन रेघा मारल्या. आम्हा हिशेबनिसांना दोन रेघा मारल्या की फार बरं वाटतं.

वर्ष दुसरं: मुंबई, २०२४

ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे आम्ही सलालाहून आल्यावर तीन आठवड्यांनी, आई गॅलरीत घसरून पडली. पावसाचं पाणी गॅलरीत येतं, लाद्या गुळगुळीत. उजवं मनगट मोडलं. आम्हाला कळलं आठ दिवसांनी, तेही शेजारच्या काकूंकडून. आईला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही नुकतेच फिरून आला होता. कशाला विरजण घालायचं?"

मंडळी, गॅलरीत पाणी येतं हे मला ठाऊक होतं. दर वर्षी जुलैत गेलो की मीच तिथे गोणपाट टाकायचो, बादली ठेवायचो. त्या वर्षी टाकलं नाही, कारण मी तिथे नव्हतो. मी वाचवलेल्या पैशावर खूश होतो. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. सलालाला गेलो म्हणून आई पडली, असंही नाही. आम्ही गेलो असतो तरी ती पडू शकली असती. पण माझ्या वहीतली "बचत" चुकीच्या सदरात लिहिली गेली होती, एवढं मला कळलं.

२०२४ ला काहीही करून तीन आठवडे रजा काढली. हिशेब असा:

चार तिकिटं, प्रत्येकी १२४: ४९६
विमानतळाची ये-जा: २०
भेटवस्तू (खजूर, चॉकलेटं, बदाम, आणि "माझ्यासाठी काही आणू नका" म्हणणाऱ्यांसाठी आणलेलं सगळं): ९०
तिथलं फिरणं, बाहेर खाणं, औषधं: १५०
एकूण: ७५६

शिवाय गॅलरीवर पत्रा, न घसरणाऱ्या लाद्या आणि बाथरूममध्ये धरायला दांड्या, याचे १३०. मी म्हटलं, हा प्रवासखर्च नाही, वेगळा लिहू. आमची ही म्हणाली, "खरं तर तेवढ्यासाठीच प्रवास होता." वहीत तो आकडा अजून वेगळाच आहे, पण तिचं म्हणणं समासात लिहिलंय.

आता इथे हिशेबनिसाचं काम सुरू होतं. सरळ बघितलं तर सलाला ३७६ आणि मुंबई ७५६, म्हणजे मुंबई दुप्पट महाग. पण सलालाचे दिवस सात, मुंबईचे एकवीस. दिवसाला सलाला पडली सुमारे ५४ रियाल आणि मुंबई ३६! म्हणजे मुंबई स्वस्त? तेही पूर्ण खरं नाही. मुंबईच्या खर्चात तिकिटं, टॅक्सी आणि भेटवस्तू हे ६०६ रियाल तुम्ही दारात पाऊल टाकायच्या आधीच गेलेले असतात. त्यानंतर दिवसाला जेमतेम सात रियाल. राहणं घरचं, जेवण आईच्या हातचं. सलालाचं उलट. जाण्याला फारसं काही लागत नाही, पण तिथली प्रत्येक रात्र पैसे मागते.

म्हणून माझं गणित असं आहे. मुंबईला एकाच आठवड्यासाठी गेलो असतो तर दिवसाला ९४ रियाल पडले असते. रजा दोन आठवड्यांपेक्षा कमी असेल तर सलाला स्वस्त, दोन आठवड्यांहून जास्त असेल तर मुंबई. तुमच्या घरात माणसं किती, नातेवाईक किती, यावर आकडे हलतील. पण पद्धत हीच ठेवा. एकूण बेरीज बघून ठरवू नका. जाण्याचा खर्च आणि राहण्याचा खर्च वेगळे मांडा.

रुपयाचाही मुद्दा आहे. आपला रियाल १९८६ पासून डॉलरला एकाच दराने बांधलेला आहे. वीस वर्षांपूर्वी रियालला एकशे पंधराच्या आसपास रुपये मिळायचे, २०२५ मध्ये सव्वादोनशेच्या वर मिळाले. त्यामुळे तिथला भाजीपाला, रिक्षा, डॉक्टर रियालमध्ये स्वस्त वाटतात. पण तिकीट आपण रियालमध्येच काढतो. रुपया पडला म्हणून तिकीट उतरत नाही.

हवेचं म्हणाल तर त्या वर्षी मुंबईने आम्हाला पूर्ण दर्शन दिलं. ८ जुलैला मध्यरात्री एक ते सकाळी सात, सहा तासांत काही भागांत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. लोकल बंद. मुलं खिडकीत बसून रस्त्याची नदी झालेली बघत होती. आईने पिठलं-भात केला. धाकट्याने विचारलं, "आजी, शाळेला सुट्टी?" ती म्हणाली, "इथे शाळेला नाही रे, गाडीला सुट्टी." सलालाच्या दोन वर्षांच्या पावसाइतका पाऊस आम्ही एका सकाळी पिठल्याबरोबर बघितला. गॅलरी कोरडी होती.

वर्ष तिसरं: उलटी गंगा, २०२५

या वर्षी पुन्हा रजेची ओढाताण होती. मी तिकिटं चाळत बसलो होतो आणि एक गोष्ट लक्षात आली, जी मला वीस वर्षांपूर्वीच लक्षात यायला हवी होती.

जून-जुलैत आखातातून भारताकडे जाणारी विमानं भरून जातात. परत येताना मात्र त्यांत जागा असते. ऑगस्टच्या उत्तरार्धात बरोबर उलटं. सगळे इकडे परतत असतात. भाव गर्दीमागे धावतो. मग जुलैत मुंबईहून इकडे येणाऱ्याला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत जाणाऱ्याला काय पडेल? मी शोधलं. जाऊन-येऊन ६४ रियाल! आम्ही प्रत्येकी १२४ देत होतो.

म्हणजे आपण चौघांनी गर्दीबरोबर जाण्याऐवजी एकटी आई गर्दीच्या उलट आली तर? तिला फोन केला. पहिला प्रश्न, "तिकडे उन्हाळा आहे ना?" म्हटलं, "मस्कतला आहे. सलालाला नाही." दुसरा प्रश्न, "देवांचं काय?" देव शेजारच्या काकूंकडे गेले.

१३ जुलैला आई आली. मस्कतला पहिले दिवस ती घरातच होती. एसी बंद केला तर उकडतं, चालू ठेवला तर गुडघे धरतात, त्यामुळे दिवसभर रिमोटवरून तिचे आणि नातवांचे तह चालायचे. एक धडा सांगतो. वृद्ध माणसांना जुलैत बोलवायचं असेल तर मस्कतचे दिवस कमी आणि सलालाचे जास्त ठेवा. आम्ही उलटं केलं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आई आणि आमची ही विमानाने गेल्या, मी आणि मुलं गाडीने. हजार किलोमीटर गाडीत बसणं तिच्या गुडघ्यांना झेपलं नसतं. खर्च असा:

आईचं मुंबई-मस्कत जाऊन-येऊन तिकीट: ६४
तीस दिवसांचा व्हिसा: २०
प्रवासाचा विमा: १२
दोघींचं सलाला जाऊन-येऊन विमान: ८०
पेट्रोल: ४८
लिफ्ट असलेला मोठा फ्लॅट, चार रात्री: १९२
हैमाचे मुक्काम: ३६
खाणंपिणं: ७०
एकूण: ५२२

विमानतळावरून बाहेर येताच आईने छत्री उघडली. दोन मिनिटांनी मिटली. पुन्हा उघडली. "पडतोय की नाही पडत, नक्की ठरवा म्हणावं." शेवटी छत्री काठी म्हणून वापरायला लागली. शहाळ्याच्या टपरीवर तिने नारळ हातात घेऊन हलवून बघितला आणि मलबारी पोऱ्याला मराठीत सांगितलं, "हा नको, पाणी कमी आहे." त्याने मुकाट्याने दुसरा दिला. दुसऱ्या दिवशी फ्लॅटच्या खिडकीत तिची वाळत घातलेली लुगडी तशीच ओली. ती खूश होऊन म्हणाली, "इथेही वाळत नाहीत!" दोन शहरांच्या हवामानाची इतकी नेमकी तुलना मला अजून करता आलेली नाही.

इत्तीनला धुक्यात खुर्ची टाकून ती तासभर बसली. समोर डोंगरावर गाई चरत होत्या, मध्येच दोन उंट. मी विचारलं, "गुहागरची आठवण आली का?" ती म्हणाली, "गुहागरला उंट कुठे होते?" थोड्या वेळाने म्हणाली, "पण पावसाळ्यात अशी बसले नव्हते कधी. तिथे पावसाळ्यात काम असायचं."

मला वाटलं होतं ती खूप दिवस राहील. विसाव्या दिवसापासून तिची भुणभुण सुरू झाली. गणपती येतायत, घर आवरायचंय, देव परत आणायचेत. १० ऑगस्टला ती गेली. सोडायला गेलो तेव्हा म्हणाली, "पुढच्या वर्षी तुम्ही या. मी दर वर्षी नाही येणार." म्हणजे हाही उपाय कायमचा नाही. मी तो तसा विकत नाहीये.

तर मग कुठे जायचं?

तुम्ही म्हणाल, तीन वर्षांचा हिशेब सांगितला, निर्णय सांगा. सांगतो.

रजा एकच आठवडा असेल, मुलं लहान असतील आणि गावाकडची माणसं धडधाकट असतील तर सलालाला जा. फक्त वीस जुलैच्या आधी जाऊ नका आणि फ्लॅट मेमध्येच ठरवा. रजा दोन आठवड्यांच्या वर असेल तर मुंबईला, पुण्याला, जिथे घर आहे तिथे जा, दिवसाचा खर्च आपोआप उतरतो. आणि रजाही नाही, पैसाही बेताचा, पण भेट तर व्हायला हवी, अशा वर्षी आई-वडिलांना गर्दीच्या उलट दिशेने इकडे बोलवा. त्यांचे गुडघे आणि औषधं यांचा विचार करून.

पण सलाला की मुंबई हा प्रश्न आपण जसा विचारतो तसा विचारणंच मुळात चुकतं, असं मला आता वाटतं. आपण म्हणतो, "पाऊस बघायला कुठे जायचं?" पाऊस बघायचा असेल तर सलालाच बरी, स्वच्छ, गार, चिखल नाही, लोकल बंद पडत नाही. मुंबईला आपण पाऊस बघायला जात नाही. तिथे गॅलरीत पाणी येतंय का ते बघायला जातो. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एकाचे पैसे वाचले म्हणून दुसरं झालं असं होत नाही. मी २०२३ मध्ये तेच धरून चाललो होतो.

म्हणून एक विनंती. ज्या वर्षी सलाला ठरेल त्या वर्षी बुकिंगच्या आधी घरी एक फोन करा आणि "येऊ का नको" असं विचारू नका. त्याचं उत्तर "नको" असंच येतं, आपली माणसं तशीच आहेत. त्याऐवजी विचारा, "पाणी कुठून येतं? दिवा कुठला गेलाय? बाथरूममध्ये घसरायला होतं का?" त्याची खरी उत्तरं मिळतात. आणि मग वाचलेल्या तीनशे रियालमधले शंभर लगेच तिकडे पाठवा. भाऊ, भाचा, शेजारी, कोणाला तरी हाताशी धरून काम करून घ्या.

माझ्या वहीत २०२६ चं पान अजून कोरं आहे. आईचा कालच फोन आला होता. गॅलरीतला पत्रा वाऱ्याने वाजतो म्हणते, रात्री झोप लागत नाही. तेव्हा पुढच्या जुलैचं बहुधा ठरल्यासारखंच आहे.

कोणाला आकडे हवे असतील तर वही आणली आहे, चहाच्या टेबलाशी या.